सिसिलबाईंचा आवाज

सिसिलबाईंचं नाव काढलं की वसईतली माझ्या वयाची माणसं आधी हसतात आणि मग हळूच इकडेतिकडे बघतात. हसतात ती त्यांच्या आवाजाला. इकडेतिकडे बघतात ती अशासाठी, की त्या आवाजानं कधी ना कधी त्यांचंही नाव घेऊन चारचौघांत काहीतरी विचारलेलं असतं, आणि ते काय विचारलं होतं हे बायकोला किंवा सुनेला कळावं अशी कोणाचीच इच्छा नसते.

"ए, ही कोणाची? वर नाव नाही! लघवी कोणाची ही, हात वर करा!"

देवा रे! बाकावर दहा-बारा माणसं बसलेली. त्यात शाळेचे मास्तर, चर्चच्या गायनातला सोलो म्हणणारा, नवीन लग्न झालेलं जोडपं. हात कोण वर करणार? सगळे एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागायचे. सिसिलबाई बाटली उंच धरून दारात उभ्या. ज्याची असेल त्याचे कान लाल झालेले, आणि बाईंनी ते कान बरोबर हेरलेले.

"डिमेलो, तुझी ना? मग बोल की रे! चोरी केलीस काय कुठे?"

आणीबाणी उठून गेल्यानंतरची ही वर्षं. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना वसई गावात बाजाराजवळ होता, चार खाटांच्या बाळंतपणाच्या खोलीसकट. त्याच्या मागच्या बाजूच्या खोलीत सिसिलबाईंची लॅब. डॉक्टरांच्या वडिलांच्या काळात त्या खोलीत केळ्यांचे घड पिकत घालायचे. पावसाळ्यात भिंतींना ओल आली की अजून पिकल्या केळ्याचा वास यायचा आणि त्यात स्पिरिटचा मिसळायचा. एक खिडकी, खिडकीशी मायक्रोस्कोप, त्याच्या आरशावर उजेड पडावा म्हणून बाहेरच्या पेरूची फांदी बाई स्वतः कोयत्यानं छाटायच्या. टेबलावर स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्यांची घोडी, आणि बाटल्या. बाटल्याच बाटल्या. मी दवाखान्याच्या काउंटरवर होते. नावं लिहायची, केसपेपर लावायचे, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचे. माझं नाव शालन. बाई मात्र रागावल्या की मला 'मॅडम' म्हणायच्या.

बाई सांडोरच्या. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात काम शिकून आलेल्या, आणि तिथली नोकरी सोडून म्हाताऱ्या आईसाठी गावी परतलेल्या. लग्न केलं नव्हतं. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, साडीवर पांढरा कोट आणि कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हाताची बोटं कायम जांभळी. रक्ताच्या काचेवर टाकायचा तो रंग साबणानं जात नाही. रविवारी मिस्साला जाताना बाई छान इस्त्रीची साडी नेसायच्या, पण बोटं ती जांभळीच.

त्यांच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेलं होतं. "माणूस खोटं बोलतो, बाटली नाही बोलत." डॉक्टर नाडी बघतो, जीभ बघतो, डोळ्याची पापणी ओढतो, पण आतलं त्याला सांगणार कोण? आम्ही सांगतो. आम्ही चुकलो की डॉक्टर चुकला, आणि डॉक्टर चुकला की मग फादरला बोलवा. असं त्या मला समजावून सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "हसू नको, मॅडम. चिठ्ठ्या नीट लाव."

आता या बाटल्यांचं काय होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या माणसांना लाज फार. ताप आला तर गावभर सांगतील, पण डॉक्टरांनी लघवी तपासायला आणा म्हटलं की तोंडचं पाणी पळायचं. मग ती बाटली काय काय सोंगं घेऊन यायची! केळीच्या पानात बांधून, वर मोगऱ्याचा गजरा ठेवून. पिशवीत भाजीच्या खाली. एका निवृत्त हेडमास्तरांनी तर बायकोचं दुसरं काहीतरी मिठाईच्या बॉक्समध्ये आणलं, वर गुलाबी दोरी बांधून, आणि काउंटरवर ठेवून न बोलता पळाले. आमच्या कंपाउंडरला वाटलं, नातवाच्या बारशाचे पेढे. त्यानं दोरी सोडली. पुढचं मी लिहीत नाही. सिसिलबाई मात्र भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग हेडमास्तरांच्या घरी निरोप धाडला, "पेढे पोचले, तपासून कळवते."

लाज मलाही होतीच की. माझ्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा आई पाहुण्यांना सांगायची, "दवाखान्यात हिशेबाला आहे." लॅबचा ल नाही काढायची. संध्याकाळी घरी आले की मागच्या दारानं जायचं, न्हाणीत आंघोळ, मग स्वयंपाकघरात पाऊल. आम्ही वाडीवाले, केळी आणि भाजीपाल्यात वाढलेले, शेणाला हात लावताना आम्हाला काही वाटत नाही, पण ह्याचं वाटायचं. नाताळात सिसिलबाईंनी माझ्याकडे घरी केकचा डबा दिला. आईनं तो उघडलासुद्धा नाही, सरळ गोठ्यात गाईपुढे नेऊन ओतला. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "केक कसा झाला होता?" मी म्हटलं, "छान होता हो, सगळ्यांना आवडला." बाई मायक्रोस्कोपात बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि तुमच्या गाईला अंडं चाललं ना गं?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. पुढच्या नाताळात त्यांनी डबा दिला तो केळ्यांच्या वेफरचा. तो आईनं घरात घेतला.

पण त्या ओरडण्याचा उपयोगही होत होता, हे खोटं नाही. पोस्टातल्या एका बाबूंच्या लघवीत साखर निघाली. ती तपासायची रीत अशी, की निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर उकळायची. निळं निळंच राहिलं तर काळजी नाही. हिरवं, पिवळं होत गेलं तर साखर, आणि विटेसारखं लाल झालं तर खूपच. बाबूंची नळी विटेसारखी लाल. डॉक्टरांनी भात बंद केला, चहा बंद केला, माणूस वाळून काठी झाला, बायको देवळात जाऊन रडायला लागली. सिसिलबाईंना काही ते पटेना. एक दिवस भर बाजारात त्यांनी बाबूंना गाठलं आणि मासळीवाल्यांच्या ओळीपलीकडून ओरडल्या, "अहो बाबू, बाटली कसली होती ती? आधी काय होतं तिच्यात?" बाबू गोरेमोरे. शेवटी कबूल झाले, काकवीची होती. नुसती विसळून आणली होती. बाईंनी त्यांना स्वच्छ बाटली दिली, नळी निळीच राहिली, आणि बाबू त्या संध्याकाळी भात जेवले. त्यानंतर बाईंचा दरारा असा काही वाढला की विचारू नका. माणसं म्हणायला लागली, बाई ओरडतात पण आपल्या भल्यासाठी ओरडतात. बाईंनाही ते पटलं होतं. लाज हा एक रोग आहे आणि चारचौघांत काढून टाकला की तो जातो, असं त्या मनापासून मानत होत्या.

यमुना आली ती त्याच्या पुढच्या वर्षी, भात कापून झाल्यावर. खाडीकडच्या गावातली, मिठागरांच्या पलीकडची. पहिलटकरीण, सातवा संपून आठवा लागलेला. बरोबर तिची नणंद शेवंती, लग्नाला आलेली, तोंडाळ आणि हसरी. यमुना मात्र पदर डोक्यावरून खाली ओढून बसलेली, नाव विचारलं तरी शेवंती सांगायची. पाय सुजले होते. डॉक्टरांनी तपासलं, प्रेशर घेतलं आणि सकाळची लघवी आणायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी यमुना पदराखाली बाटली घेऊन आली. मी ती मागे नेऊन दिली. बाईंनी बूच काढलं, आणि दुसऱ्या क्षणी बाटली घेऊन बाहेर आल्या.

"ही कोणाची? यमुना कोण? अगं, लघवी आणलीस की घासलेट? मी नळी दिव्यावर धरते, ठाऊक आहे? भडका उडून माझं तोंड भाजलं असतं तर लग्न कोण करणार होतं माझ्याशी?"

अख्खा बाक हसला. बाईंनी हशाच्या भरात बाटली एका म्हाताऱ्याच्या नाकाखाली धरली. "हुंगा, आजोबा, स्टोव्हला चालेल का सांगा!" म्हातारबाबा खोकेपर्यंत हसले. मीही हसले. हसू येण्यासारखंच होतं ते, आणि यमुनेचं तोंड पदराखाली होतं, त्यामुळे तिचं काय चाललंय ते कोणाला दिसलं नाही. बाईंनी मग आतून स्वच्छ धुतलेली बाटली आणून तिच्या हातात ठेवली. "यात आण. उद्या. भरपूर आण, लाजू नको." आवाज तसाच, बाहेरच्या टांग्यावाल्यापर्यंत पोचणारा.

दुसऱ्या दिवशी बाटली शेवंतीनं आणली. यमुना पायरीवरच थांबली होती. लघवी स्वच्छ, पाण्यासारखी, बाटली गळ्यापर्यंत भरलेली. बाई खूश झाल्या. दारात येऊन त्यांनी ती उजेडात धरली आणि बाकावरच्या सगळ्यांना दाखवली. "बघा, अशी आणायची! शिका जरा. खाडीपलीकडची पोर आहे, पण एकदा सांगितलं आणि समजली. शाब्बास, यमुना!" यमुनेनं खाली बघितलं.

त्यात प्रोटीन जातंय का ते बघायचं होतं; गरोदरपणी ते गेलं तर बाईच्या जिवाला धोका. नळीतल्या लघवीचा वरचा भाग तापवायचा, आंबट औषधाचे थेंब टाकायचे. काही नसेल तर ती स्वच्छ राहते. असेल तर ढगाळते आणि फार असेल तर उकडलेल्या अंड्यासारखी घट्ट होते. यमुनेची नळी स्वच्छ राहिली. रिपोर्टावर 'नाही' असं लिहून मीच तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. प्रेशर थोडं वर आहे, असं केसपेपरवर डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं. पण रिपोर्ट स्वच्छ म्हटल्यावर ते म्हणाले, "पहिलटकरणीचे पाय सुजतातच. मीठ कमी खा, घरी जा."

आठवड्याभरात यमुनेला झटके आले. खाटेवर घालून मिठागराच्या बांधावरून माणसांनी उचलून आणली, पुढे टेम्पोत. तोंड इतकं सुजलेलं की डोळेसुद्धा दिसत नव्हते. डॉक्टर आत धावले, नर्स धावली. रबराच्या नळीनं काढलेली लघवी बाईंकडे आली. मी शेजारीच उभी होते. बाईंनी नळी दिव्यावर धरली मात्र, बघता बघता ती पांढरी झाली आणि घट्ट बसली. त्यांनी नळी उलटी केली. आतलं खाली सांडलंसुद्धा नाही.

बाई म्हणाल्या, "नाही, नाही. असं कसं होईल?" त्यांचा आवाज इतका खाली मी पहिल्यांदा ऐकला.

यमुना वाचली. मूल गेलेलंच आलं, मुलगा होता. सासू व्हरांड्यात ऊर बडवत होती आणि डॉक्टर बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी काय करणार? लॅबनं रिपोर्ट चुकीचा दिला." बाई आत होत्या. त्यांनी ऐकलं. त्या उलट बोलतील, भांडतील असं मला वाटलं, पण त्या नळ्या काढून बसल्या होत्या. औषध बदलून, आम्ल बदलून, स्वतःची लघवी घेऊन, अंड्याचा बलक वेगळा काढून उरलेलं पाण्यात कालवून, पुन्हा पुन्हा तपासत होत्या. प्रत्येक वेळी उत्तर बरोबर येत होतं. जिथे यायला हवं तिथे ढगाळ, जिथे नको तिथे स्वच्छ. "मग त्या दिवशी मी काय पाहिलं गं?" असं मलाच विचारायच्या. मी काय सांगणार, कपाळ!

दोन दिवसांनी शेवंती वहिनीसाठी पेज घेऊन आली. पेज देऊन झाली तरी लॅबच्या दारात घुटमळत राहिली. मी चिठ्ठ्या लावत होते, माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"बाय, ती वैनीची नव्हती."

"काय नव्हती?"

"बाटलीतली. ती माजी व्हती."

बाई स्टुलावर बसल्या. मग विचारलं, "का गं?"

शेवंती रडायला लागली. रडत रडत जे बोलली ते असं. घरात संडास नाही, पहाटे शेताकडे जायचं, ओट्यावर सासरा आणि दीर बसलेले, त्यांच्यासमोरून हातात बाटली घेऊन यमुनेला जाववेना. "आनि पानी कमी झालं, वास आला, तं तुमी पुन्ना सगल्यांसमोर वरडाल म्हनून वैनी घाबरली व्हती. थरथरत व्हती हो. मंग मीच बोल्ली, आन इकडं, मी भरते. लघवी काय, सगल्यांची सारकीच."

आता यात तिचा काय गुन्हा? तिला कोणी सांगितलं होतं का, की त्या पिवळ्या पाण्यात एका माणसाचं मरण दिसतं आणि दुसऱ्याचं दिसत नाही? आम्ही कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. आम्ही ओरडत होतो, बाटली धुऊन आणा, भरून आणा. ती धुऊन आणली, भरून आणली. बाईंनी वर शाब्बास म्हटलं.

बाईंनी कोटाच्या बाहीनं चष्मा पुसला. "घरी कोणाला बोललीस?"

"कोनालाच नाय. आय मला जित्ती ठेवनार नाय. वैनीला पन."

"मग बोलू नको. कधीच नको." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शालन, तू काही ऐकलं नाहीस."

पुढचे दोन-तीन महिने मला आठवले तरी नको वाटतं. सिसिलबाईंचा रिपोर्ट चुकला आणि पोर गेलं, ही बातमी गावात कोणाला सांगावी लागली नाही. माणसं थेट स्टेशनजवळच्या नव्या लॅबमध्ये जायला लागली. काकवीवाले बाबूसुद्धा गेले. बाकावर तीन-चार जण, तेही गरीब. आणि बाई बदलल्या. ओरडणं बंद. बाटलीवर नाव नसलं तर माझ्याकडे यायच्या आणि कानात विचारायच्या. स्वतःच्या खर्चानं त्यांनी लॅबमागे न्हाणीएवढी खोली आडोसा घालून करून घेतली, आतून कडी असलेली. बाई माणूस आलं की स्वतः हाताला धरून तिकडे न्यायच्या आणि दाराकडे पाठ करून उभ्या राहायच्या. पण त्या गप्प बाईंकडे बघवत नव्हतं. चर्चमध्ये त्या शेवटच्या बाकावर बसायला लागल्या, असं तिकडचे लोक सांगायचे. मला वाटायचं, एकदा ओरडा हो, काहीतरी फोडा, माझ्या अंगावर ओरडा. नाही ओरडल्या.

इकडे डॉक्टरांना कळून चुकलं, की लॅबच्या नावानं बोंब मारली की दवाखानाही बसतो. मग त्यांनी सूर फिरवला. येईल त्याला सांगायला लागले, "रिपोर्ट त्या दिवशी बरोबरच होता. लॅब उत्तम आहे. नंतर त्या बाईनंच पथ्य पाळलं नाही, मीठ, सुकी मासळी खाल्ली असणार. या खाडीकडच्या लोकांचं ठाऊक आहे ना तुम्हाला." लोकांनी मान डोलावली. बाक पुन्हा भरायला लागला. बाबू परत आले आणि वर म्हणाले, "बाई, मला तेव्हाच वाटलं होतं, तुमच्या हातून चूक होणार नाही." मला तर त्यांच्या तोंडावर दौत ओतावी असं वाटलं. बाईंनी त्यांची बाटली घेतली आणि आत गेल्या. सुटल्या होत्या ना! नुसतं गप्प राहायचं होतं.

आणि एका सकाळी शेवंती धापा टाकत आली. डॉक्टरांचं बोलणं फिरून फिरून त्यांच्या घरी पोचलं होतं. सासरा म्हणाला, रिपोर्ट बरोबर होता, म्हणजे हिनंच पोर खाल्लं. यमुनेला माहेरी धाडायचं ठरलं होतं, कायमचं, आणि दिराच्या साखरपुड्याबरोबर नवऱ्यासाठीही दुसरी बघायचं बोलणं चाललं होतं. "मी खरं बोलते म्हनलं तं वैनी माजे पाय धरते, नको बोलू, तुजं लगीन मोडंल. काय करू, बाय?"

बाईंनी दिवा विझवला. कोट काढून खुंटीला लावला. मला म्हणाल्या, "शालन, चल." काउंटर सोडून जाऊ कशी, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

टांगा गेला तिथवर टांग्यानं, पुढे मिठागराच्या बांधावरून चालत. ऊन मी म्हणत होतं, मिठाच्या ढिगांवरून डोळ्यांत चमकत होतं. शेवंती आमच्या पुढे पळत घरी गेली आणि मागच्या दारानं आत शिरली.

ओट्यावर सासरा, दोन मुलगे आणि शेजारची चार-पाच माणसं बसली होती. आतल्या उंबऱ्याशी ट्रंक बांधून ठेवलेली. तिच्याशेजारी यमुना, पदर खाली ओढून. बाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी आवाज लावला. तोच, बाजारातला, मासळीवाल्यांच्या ओळीपलीकडे जाणारा.

"मी लॅबवाली सिसिल! सांडोरची! तुमच्या सुनेचा रिपोर्ट मी चुकवला! तिनं काही खाल्लं नाही, काही केलं नाही! तेव्हा तिच्या अंगात रोग होता आणि तो मला दिसला नाही! डॉक्टर खोटं सांगतो! चूक माझी आहे, ऐकलंत का सगळ्यांनी?"

ऐकलं. आजूबाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या, कुडापलीकडे पोरं गोळा झाली. सासरा उठून खाली आला. तो जे बोलला ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "एवडी शिकलीस आनि माजा नातू मारलास? वर त्वांड दाखवायला आलीस? लाज नाय वाटत?" सासू धावत आली आणि बाईंच्या पायाशी थुंकली. पोरांतलं कोणीतरी हसलं, मग आणखी दोन-तीन हसली. बाई उभ्या होत्या. त्यांची मान पार लाल झाली होती आणि जांभळी बोटं पदरात गुंडाळलेली होती. उंबऱ्याच्या आत शेवंतीचं तोंड दिसत होतं. ती आता बोलणार, असं वाटलं तोच बाई आणखी मोठ्यानं ओरडल्या, "चूक माझी! दुसऱ्या कोणाची नाही!" शेवंती मागे सरली.

यमुनेचा नवरा इतका वेळ खाली मान घालून बसला होता. तो उठला, बांधलेली ट्रंक उचलली आणि आत नेऊन ठेवली. सासराही मग ओट्यावर जाऊन बसला.

दवाखान्यातलं सिसिलबाईंचं काम दुसऱ्याच दिवशी सुटणार, हे मला तिथेच उमगलं होतं, आणि तसंच झालं. डॉक्टरांना खोटारडा ठरवलं होतं ना भर गावात. मला मात्र डॉक्टरांनी ठेवलं, आणि मी राहिले, लग्न ठरेपर्यंत. बाई पुन्हा कुठल्या लॅबमध्ये बसल्याचं मी ऐकलं नाही. सांडोरला आईची वाडी बघत होत्या म्हणे. मी भेटायला जाईन, जाईन म्हणत राहिले. काय तोंडानं जाणार होते? म्हणून माझ्या डोळ्यांपुढे सिसिलबाई आजही आहेत, त्याच दुपारच्या.

आम्ही परत निघालो. बांधावर थोडं पुढे आलो असू, मागून कोणीतरी येताना दिसलं. यमुना. हातात पाण्याचा तांब्या. भरभर चालल्यानं पदर खांद्यावर आला होता. इतक्या महिन्यांत मी तिचं तोंड पहिल्यांदाच नीट पाहिलं. कोवळं होतं अगदी. तिनं तांब्या बाईंच्या हातात दिला. बाई उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायल्या.

यमुना म्हणाली, "बाय, तुमचा रिपोट खोटा नव्हता."

"गप."

"सगल्या गावासमोर बोल्ली तुमी. कशाला? लाज नाय वाटली?"

बाईंनी तांब्या तिला परत दिला. मघाशी अंगणात ओरडलेला तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे, मला शेजारी उभं राहून ऐकायला कष्ट पडले.

"वाटली गं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरं हसली ना, तेव्हा तर पायच उचलेना." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी, माझ्या दारात, तुला असंच झालं होतं का?"

नाही म्हणेल असं मला वाटलं. आमच्याकडे मोठ्या माणसाला असं तोंडावर कोणी बोलत नाही, आणि ज्या बाईनं आत्ताच आपलं घर राखलं तिला तर नाहीच. यमुनेनं तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"हो," ती म्हणाली.

सिसिलबाईंनी जांभळ्या बोटांनी तोंड झाकून घेतलं आणि त्या भर उन्हात, मिठागराच्या बांधावर, तशाच उभ्या राहिल्या.